लढवय्या आणि जिल्हा बँक: किसन वीर यांच्या स्मरणाचा एक वाद

वाई तालुक्यातील कवठे गावचे किसन महादेव वीर, ज्यांना सातारा जिल्हा आजही ‘आबा’ या नावाने ओळखतो, यांच्या आयुष्याचे दोन भाग सहसा वेगवेगळे सांगितले जातात. पहिला भाग 1942 च्या ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर भूमिगत झालेल्या, इंग्रजी राजवटीला समांतर अशा प्रतिसरकारच्या अग्रणी नेत्यांत गणल्या गेलेल्या आणि 1944 मध्ये पांडू मास्तरांसह येरवड्याच्या तुरुंगातून निसटलेल्या लढवय्याचा आहे. दुसरा भाग 15 ऑगस्ट 1950 रोजी स्थापन झालेल्या सातारा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या उभारणीत यशवंतराव चव्हाण, बाळासाहेब देसाई आणि रघुनाथराव पाटील यांच्या बरोबरीने झटलेल्या सहकार-धुरीणाचा आहे. जयंतीच्या भाषणांत पहिल्या भागाला टाळ्या पडतात आणि दुसऱ्याची एका वाक्यात बोळवण होते. या लेखाचे म्हणणे असे की हे दोन भाग एकाच कामाचे आहेत, आणि तसे मानले तर स्मरणाची जबाबदारी हलकी न होता वाढते.

हे म्हणणे एकतर्फी राहू नये यासाठी येथे संवादाचा आधार घेतला आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिवादीचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचे आणि मगच उत्तरपक्षाकडे वळायचे, ही शास्त्रचर्चेची रीत प्राज्ञपाठशाळेमुळे वाईच्या चांगल्या परिचयाची आहे. संवादातील दोन्ही व्यक्ती दृष्टिकोन मांडण्यासाठी कल्पिलेल्या आहेत. एक मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त होऊन पुढे सहकारी बँकेच्या वसुली विभागात नोकरी केलेले सुभेदार आहेत, आणि दुसरे महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक, ज्यांना सुभेदार ‘सर’ म्हणतात. ते त्यांना ‘सुभेदारसाहेब’ म्हणतात.

वादाला तोंड फुटते ते ‘सैनिक’ या पदवीवरून.

“सर, आबांबद्दल आमच्या घरात आदरच आहे,” सुभेदार म्हणतात, “पण त्यांना सैनिक म्हणायचे असेल तर आधी सैनिक कोणाला म्हणायचे ते ठरवा. ज्याच्या बंदुकीचा आणि काडतुसांचा हिशेब दुसऱ्या कोणाकडे असतो, ज्याला हुकूम मोडला तर कोर्ट मार्शलला उभे राहावे लागते, तो सैनिक. याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे सेहेचाळीस जवान पहिल्या महायुद्धात पडले, म्हणून त्या गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात इथलीच पोरे 1941 साली केरेनच्या डोंगरावर आणि पुढे इटलीत लढत होती. त्यांच्या माघारी इथे रेल्वे अडवणारे आणि खजिने लुटणारे लोक स्वतःला सेना म्हणवत होते. दोघांना एकाच फळीवर बसवले तर परदेशात पुरल्या गेलेल्या पोरांवर अन्याय होतो.”

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. तत्कालीन सातारा जिल्हा आजच्या सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांचा मिळून होता. 1949 मध्ये त्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे विभाजन झाले व 1960 मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. फौजेत भरती होण्याची परंपरा आणि प्रतिसरकारची चळवळ, म्हणजे इंग्रजी राजवटीला समांतर असे गावकीचे शासन चालवण्याचा 1943 ते 1946 या काळातील प्रयत्न, या दोन्ही गोष्टी याच अखंड जिल्ह्यात एकाच वेळी घडत होत्या. महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात त्या दोन वेगळ्या पुस्तकांत पडल्या आणि एकमेकींसमोर आल्या नाहीत, ही मोठी उणीव आहे.

सरांचे उत्तर सबुरीचे आहे. “सुभेदारसाहेब, तुमची व्याख्या मान्य केली तरी तिच्यातला हिशेबाचा भाग घेऊनच पुढे जाऊ. सप्टेंबर 1942 मध्ये वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्च्यांवर गोळीबार झाला आणि उघड मोर्चांचा मार्ग बंद झाला, तेव्हा उरलेले कार्यकर्ते भूमिगत झाले. त्यांनी जून 1943 मध्ये शेणोलीजवळ पगाराची गाडी लुटली, एप्रिल 1944 मध्ये धुळ्याचा खजिना लुटला, हे खरे. पण लूट एवढेच त्यांचे काम असते तर गावांनी त्यांना तीन वर्षे पोसले नसते. त्यांनी न्यायदान मंडळे नेमली, म्हणजे गावातले तंटे कोर्टात न नेता गावातच, पंचांसमोर, चार लोकांच्या देखत मिटवायची व्यवस्था केली. त्या तंट्यांत सावकाराकडे गहाण पडलेल्या जमिनीचे आणि फिटूनही न फिटलेल्या कर्जाचे तंटे पुष्कळ होते. तुम्ही म्हणता तो हिशेब तिथे सुरू झाला, फक्त तो काडतुसांचा नव्हता, कर्जाचा होता.”

येथे थोडे मागे जावे लागते. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून पसरलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातील कर्जरोखे, म्हणजे कर्ज घेतल्याचे लेखी दस्त, ताब्यात घेऊन जाळले. सरकारने चौकशी केली आणि 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होणारा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला, ज्यामुळे न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. तथापि कर्ज देणारा दुसरा कोणी नसेल तर कायद्याने सावकाराचा हात धरला तरी शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी त्याच्याच ओट्यावर जावे लागणार, ही अडचण तशीच राहिली. 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्या अडचणीवरचा उपाय म्हणून आला, पण खेड्यात त्याचा जम बसायला अर्धे शतक पुरले नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गोरवाला समितीने 1951-52 मध्ये देशभर केलेल्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल 1954 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे 3 टक्के आणि सावकारांचा सुमारे 70 टक्के असल्याचे दिसून आले. सातारा जिल्हा बँक उभी राहिली तेव्हा देशातील परिस्थिती ही होती, हे लक्षात ठेवल्याशिवाय त्या स्थापनेचे मोल कळत नाही.

“म्हणून ही एक सलग रेघ आहे,” सर म्हणतात. “1875 ला रोखा जाळला, 1943 ला रोखा पंचांपुढे आणला, 1950 ला कर्ज देणारी संस्थाच आपली केली. आबा आणि त्यांचे सहकारी या रेघेच्या शेवटच्या दोन टप्प्यांवर उभे आहेत. 1946 मध्ये खेर मंत्रिमंडळ आले, भूमिगतांवरची वॉरंटे उठली, आणि बाहेर आलेल्या माणसांनी अवघ्या चार वर्षांत बँक काढली. ती काढली नसती तर न्यायदान मंडळांनी सोडवलेली जमीन पुढच्या दुष्काळात पुन्हा गहाण पडली असती.”

सुभेदारांना ही रेघ फार सरळ वाटते. त्यांचा आक्षेप अनुभवातून येतो, आणि या संवादातील सर्वांत कसदार भाग तोच आहे.

“सर, रोखा जाळायला एक रात्र लागते. कर्ज वाटायला आणि वसूल करायला दर साल तेच काम नव्याने करावे लागते. पीककर्ज कसे मिळते ते भाषण करणाऱ्यांना ठाऊक नसते. गावची विकास सोसायटी असते, शेतकरी तिचा सभासद. गटसचिव प्रत्येक सभासदाचे क्षेत्र आणि पीक लिहून क. म. पत्रक तयार करतो, म्हणजे त्याला जास्तीत जास्त किती कर्ज देता येईल याचे कमाल मर्यादा पत्रक. ते जिल्हा बँकेकडे जाते, बँक सोसायटीला पैसे देते, सोसायटी सभासदाला. वर राज्य सहकारी बँक. पीक निघाले की पैसे त्याच वाटेने परत वर जायचे. मधला एक दुवा अडला की खालचा सगळा गाव पुढच्या हंगामात कर्जाविना बसतो. आता सांगा, ज्या माणसाने वर्षानुवर्षे डोंगरात लपून गावोगावची भाकर खाल्ली, तो त्याच गावात जाऊन थकबाकी कशी मागणार? ज्या घराने पोलिसांचा मार खाऊन त्याला दडवले, त्या घरावर जप्तीची नोटीस तो कोणत्या तोंडाने काढणार? लढाईत उपकार लक्षात ठेवणे हा धर्म आहे. बँकेत उपकार लक्षात ठेवले की बँक बुडते.”

सर या प्रश्नावर लगेच बोलत नाहीत, आणि बोलतात तेव्हा त्यांचा सूर बदललेला असतो. “सुभेदारसाहेब, प्रश्न अचूक आहे. पण तुमचाच अनुभव उलट बाजूने पाहा. वसुली कायद्याने होते की माणसाच्या शब्दाने? नोटीस तर सावकारही काढत होता. ज्याने आपल्यासाठी तुरुंग पाहिला तो माणूस चावडीवर उभा राहून म्हणाला, ‘हे पैसे सरकारचे नाहीत, शेजाऱ्याचे आहेत,’ तर त्या शब्दाला जप्तीपेक्षा जास्त वजन येते. दडवणाऱ्या घराचे उपकार फेडायची त्याची रीत ही, की त्या घराच्या पोराला पुन्हा सावकाराकडे जावे लागू नये. थकबाकी माफ केली तर पुढच्या वर्षी द्यायला पैसे उरत नाहीत, हे त्या घराला समजावून सांगणारा माणूस त्यांच्या विश्वासातलाच असावा लागतो.”

“समजावणारा हयात असेपर्यंत,” सुभेदार म्हणतात.

हे तीन शब्द या वादाचा गाभा आहेत. नैतिक अधिकार व्यक्तीबरोबर येतो आणि व्यक्तीबरोबर जातो, तर बँकेला पन्नास-शंभर वर्षे टिकेल असा अधिकार लागतो, जो नियम, लेखापरीक्षण आणि देखरेख यांतून तयार होतो. सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा 1 मार्च 1966 पासून लागू झाला, 1982 मध्ये शेती व ग्रामीण विकासासाठीची राष्ट्रीय बँक, म्हणजे नाबार्ड, स्थापन झाली आणि जिल्हा बँकांची तपासणी तिच्याकडे आली. राज्यातील अनेक जिल्हा बँका थकबाकीने डबघाईला आल्या तेव्हा सातारा जिल्हा बँक सुस्थितीत राहिली आणि तिने नाबार्डचे पुरस्कारही मिळवले. त्याचे श्रेय संस्थापकांच्या पुण्याईला द्यायचे की ज्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत त्या गटसचिवांना, शाखाधिकाऱ्यांना आणि वेळेवर भरणा करणाऱ्या लहान खातेदारांना, असा प्रश्न सुभेदार विचारतात, आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे.

सर मात्र श्रेयाची अशी वाटणी मानत नाहीत. त्यांच्या मते संस्थापकांचे खरे श्रेय बँक नंतर नीट चालली यात नसून ती कोणत्या प्रकारची बँक असावी हे ठरवण्यात आहे. प्रतिसरकारातील सगळ्या सहकाऱ्यांची वाट एक राहिली नाही. नाना पाटील पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि 1957 मध्ये उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. 1962 मध्ये साताऱ्याची तीच जागा काँग्रेसच्या किसन वीरांनी जिंकली. सांगलीच्या तुरुंगातून 24 जुलै 1943 रोजी गोळ्या झेलत पळालेले वसंतदादा पाटील तिकडे सहकारी साखर कारखानदारीचे आधारस्तंभ झाले. एकेकाळी एका भाकरीवर दिवस काढलेल्या माणसांचे राजकारण वेगळे झाले, तरी शेतकऱ्याची पत ही राज्यकर्त्यांची मेहेरबानी नसून सभासदाचा हक्क आहे, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचे एकमत टिकले, असे सरांचे निरीक्षण आहे. सुभेदार त्यात एक भर घालतात: पुढच्या पिढीत हा हक्क पक्षाच्या शिफारशीने मिळू लागला तिथे संस्था कोसळल्या.

यावरून बोलणे नावांकडे येते. भुईंजचा सहकारी साखर कारखाना किसन वीरांच्या नावाने आहे, वाईत जनता शिक्षण संस्थेचे महाविद्यालय त्यांच्या नावाने आहे, आणि तालुक्यातल्या कित्येक घरांचा रोजचा संबंध यांपैकी एका तरी संस्थेशी येतो. कारखाना अलीकडच्या काळात गंभीर आर्थिक अडचणीतून गेला, शेतकऱ्यांची उसाची बिले थकली, तेव्हा फाटकावरच्या त्या नावाखाली उभे राहून बिल मागणाऱ्या माणसाला काय वाटले असेल, याचा विचार कोणत्याही स्मरणिकेत सापडत नाही.

“नाव काढा असे कोण म्हणतो?” सुभेदारांचा आवाज येथे चढतो. “पण नाव लावले की लोक प्रश्न विचारायला कचरतात. देशभक्ताच्या नावाच्या संस्थेचा ताळेबंद मागणे म्हणजे देशभक्तावर संशय घेणे, असे वातावरण तयार होते. फौजेत शहिदाच्या नावाने बराक असली तरी तिची तपासणी चुकत नाही. उलट ती बराक जास्त स्वच्छ ठेवावी लागते.”

“तुमचे म्हणणे बरोबर आहे,” सर म्हणतात, “तरी केवळ ताळेबंदाने माणूस आठवत नाही, सुभेदारसाहेब. ताळेबंदात फक्त दिलेले आणि आलेले लिहिले जाते. कोणाला दिलेच नाही, ते त्यात येत नाही. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते, म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच. खंडाने कसणारा, मजुरीवर जगणारा, आणि सगळ्यांत मोठा वर्ग म्हणजे शेतात राबणाऱ्या बायका, ज्यांचे नाव सातबाऱ्यावर क्वचितच असते, हे सगळे त्या व्यवस्थेच्या बाहेर राहिले. शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढून बायकांच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव सांगितले, ते स्वातंत्र्यानंतर चार दशकांनी. न्यायदान मंडळासमोर मात्र बाईसुद्धा आपली तक्रार घेऊन उभी राहू शकत होती. चळवळीचे दार बँकेच्या दारापेक्षा रुंद होते. आबांचे स्मरण करायचे तर हे अरुंद झालेले दार आधी मोजावे लागेल.”

सुभेदार हे मान्य करतात, पण एका अटीवर. त्यांच्या म्हणण्यानुसार चळवळीचे दार रुंद होते कारण तिला परतफेड मागायची नव्हती. न्याय देऊन पंच उठून जात आणि शिक्षेची अंमलबजावणी, जी कधीकधी तळपायावर मार देण्याइतकी कठोर असे आणि जिच्यावरून लोक या राजवटीला ‘पत्री सरकार’ म्हणत, ती अपिलाशिवाय होई. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली तर तो कोणाकडे जाणार होता? बँकेचे दार अरुंद असले तरी तिच्याविरुद्ध तक्रार करता येते, वहीवर बोट ठेवता येते. सर या मुद्द्यावर प्रतिवाद करत नाहीत. प्रतिसरकारच्या कडव्या न्यायाबद्दल गौरवग्रंथांतून पाळले गेलेले मौन त्यांनाही योग्य वाटत नाही, आणि किसन वीरांसारख्या माणसाने आयुष्याचा उत्तरार्ध अपिलाची सोय असलेल्या संस्था बांधण्यात घालवला यात त्या काळाचे काही परीक्षण दडले असावे, असा तर्क ते करतात. तर्क म्हणूनच तो येथे नोंदवला आहे, पण तो पटण्यासारखा आहे.

शेवटी दोघे एका व्यावहारिक कामावर येतात. विकास सोसायट्यांच्या जुन्या कर्जखतावण्या, ठरावाच्या वह्या आणि वसुलीची रजिस्टरे अनेक ठिकाणी कपड्याच्या बासनांत पडून आहेत, काहींना वाळवी लागली आहे, आणि इमारत बदलली की त्या रद्दीत जातात. निदान एका तालुक्यापुरत्या त्या गोळा करून 1950 ते 1970 या वीस वर्षांचा वृत्तांत लिहावा, ज्यात कोणत्या गावाला पहिले कर्ज केव्हा मिळाले, कोणत्या कामासाठी मिळाले, दुष्काळात काय झाले हे सगळे यावे, यावर त्यांचे एकमत होते. त्याच्या जोडीला भूमिगतांना आसरा देणाऱ्या घरांच्या आठवणी आणि फौजेतून घरी आलेल्या मनीऑर्डरींतून फिटलेल्या कर्जांच्या हकिकतीही याव्यात, असे सर सुचवतात, आणि सुभेदारांना ती सूचना मनापासून आवडते, कारण त्यात केरेनला आणि इटलीत गेलेली घरे त्याच पुस्तकात येतात.

मतभेद होतो तो थकबाकीदारांच्या नावांवरून. सरांचे म्हणणे असे की नावांशिवायचा इतिहास गाव खरा मानत नाही. ज्यांनी भरले त्यांची नावे छापायची तर ज्यांनी भरले नाही त्यांचीही छापावीत, मग त्यात पुढाऱ्यांचे आजोबा आले तरी चालतील. आयुष्यभर वसुली केलेले सुभेदार याला ठाम नकार देतात. “ज्याने सत्तावन्न साली दोनशे रुपये भरले नाहीत त्याच्या नातवाला आज लग्नाच्या मांडवात ते ऐकावे लागेल. थकबाकी सोसायटीची असते, सर, ती घराण्याला चिकटवायची नसते. सावकार तेच करत होता.” ऐपत असूनही कर्ज बुडवणाऱ्या बड्या सभासदांची नावे तरी यावीत, असा सरांचा पुढचा आग्रह आहे, आणि ऐपत होती हे वहीवरून कोण ठरवणार, हा सुभेदारांचा प्रश्न. रजिस्टरे गोळा करण्याचे काम त्यासाठी अडू नये, नावांचा निर्णय त्या-त्या गावच्या सोसायटीने आपल्या वार्षिक सभेत घ्यावा, एवढे ठरवून ते वाईच्या लगतच्या गावांची यादी करायला बसतात, आणि त्या यादीत पहिले नाव कवठ्याचे घालावे की नाही यावर पुन्हा त्यांचे जुंपते.